चौथ्या आवृत्तीसाठी बुडवलेलं शहर

मार्लिस विटकॉपने वेलब्रिन हे शहर उभं केलं तेव्हा ती एका विमा कंपनीत टायपिस्ट होती. जेवणाच्या सुट्टीत एका हातात सँडविच आणि दुसऱ्या हातात पेन्सिल घेऊन तिने ते बंदर काढलं. धक्के, मासळीबाजार, घंटाघर, उतरत्या गल्ल्या आणि त्या गल्ल्यांतली भांडखोर माणसं. पुढे नीना गावातल्या एका लहान कंपनीने ते सगळं विकत घेतलं, मार्लिसलाही नोकरीवर घेतलं, आणि ‘सात किनारे’ हा खेळ बाजारात आला. हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात, आणि अडलं की फासे टाकायचे, नियमांचं पुस्तक उघडायचं. एकेक गोष्ट वर्षानुवर्षं चालते. आमची इतकी चालली की माझी मुलं त्या काळात जन्मून कॉलेजात गेली.

आम्ही चौघं. गोष्ट चालवायला मार्लिस, आणि खेळायला गॉर्डी प्रॉक्नो, पाओ व्हँग आणि मी. जमायचं दर रविवारी दुपारी, शेजारच्या मेनॅशा गावात मार्लिसच्या घरी. विस्कॉन्सिनमध्ये रविवारी दुपारी फुटबॉल सोडून दुसरं काही करणं म्हणजे चर्चमध्ये शिट्टी मारण्यासारखं. त्यामुळे हंगामात गॉर्डी एका कानात रेडिओची वायर घालूनच बसायचा.

“काढ ती वायर,” मार्लिस म्हणायची. “तुझ्यासमोर जहाज जळतंय.”

“तिकडे आपली पोरं हरतायत, त्याचं काय? जहाज काय, पुढच्या रविवारीही जळेल.”

गॉर्डी कागदाच्या मिलमध्ये यंत्रावर होता. दारात मावणार नाही एवढा धिप्पाड गडी, छातीपर्यंत दाढी. त्याचं पात्र मात्र होतं मदर टॅन्सी, वेलब्रिनच्या खाडीत नाव चालवणारी एक कजाग म्हातारी. पहिल्या दिवशी आम्हाला हसवायला त्याने तिला घेतलं, किनऱ्या आवाजात बोलला, आणि आम्ही हसून लोळलो. पुढे तो किनरा आवाज सुटला. गॉर्डी आपल्याच घोगऱ्या आवाजात बोलायचा आणि आम्हाला म्हातारी दिसायची. त्याची बायको गेली त्यानंतर महिनाभर तो कुणाशी बोलला नाही. पण रविवारी यायचा, आणि टॅन्सी बोलायची.

टॅन्सी होती हाकारी. ‘सात किनारे’मधली जादू म्हणजे हीच: वस्तूला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली की ती ऐकते. दार असो, वारा असो, भरतीचं पाणी असो. हाकाऱ्यांचे नियम किचकट. नवा माणूस पानं चाळून डोकं धरायचा. पण ज्याला जमले त्याला दुसरं काही खेळवत नसे.

तीन आवृत्त्या निघाल्या. प्रत्येक वेळी नियम थोडे घासूनपुसून यायचे आणि आम्ही कुरकुरत बदलायचो. मग कंपनीच्या मालकाने थकून हिस्सा विकला आणि शिकागोहून कर्टिस नावाचा माणूस वरचा साहेब म्हणून आला. तिशीतला, नम्र. मार्लिसला तो ‘मॅडम’ म्हणायचा, आणि ते तिला सगळ्यात खुपायचं.

“विक्री घसरतेय,” तो म्हणाला. “नवी मुलं हाकाऱ्यांचं प्रकरण उघडतात आणि पुस्तक परत ठेवतात. चौथ्या आवृत्तीत हाकारी नाहीत.”

“नाहीत म्हणजे? जगातली जादूच तीच आहे.”

“म्हणून तर तुम्हाला बोलावलंय.”

आवृत्ती बदलते तेव्हा असल्या खेळांपुढे एक पेच असतो. काल जे नियमाने होत होतं ते आज का होत नाही, हे त्या जगातल्या माणसांना काय सांगायचं? काही कंपन्या सांगतच नाहीत. पहिल्यापासून असंच होतं असं धरून चला, म्हणतात. काही जण जुनं पात्र नव्या मापात बसवायला एक पुस्तिका काढतात. आणि काही जण सरळ प्रलय आणतात. जुनी जादू त्यात मरते, गोष्ट शंभर वर्षं पुढे उडी मारते, आणि प्रश्न विचारणारं कुणी उरतच नाही.

कर्टिसने प्रलय निवडला. समुद्रावरून एक मौन येणार, हाका कुणाला ऐकू जाणार नाहीत, हाकारी संपणार, आणि वेलब्रिन बुडणार. जुन्या नियमांवरचा शेवटचा डाव म्हणून हे पुस्तक निघणार. लिहायचं मार्लिसने.

“माझंच शहर मीच बुडवू?”

“दुसऱ्याने लिहिलं तर वाईट बुडेल,” कर्टिस म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता. आणि ते खरंच होतं.

तिने लिहिलं. हिवाळाभर लिहीत होती. शहर कशानेही वाचणार नाही अशी त्याची बांधणी होती. खेळाडू फार तर काही माणसं होड्यांतून बाहेर काढतील, एवढंच. पुस्तक छापण्याआधी कुणीतरी खेळून पाहावं लागतं, चुका काढायला. कर्टिस म्हणाला, तुमचंच टेबल घ्या, त्यांच्याइतके नियम कुणाला येतात? मार्लिसने कागदावर सही केली: नव्या आवृत्तीबद्दल आणि या डावाचा शेवट ठरलेला आहे त्याबद्दल चाचणीच्या खेळाडूंना काही सांगायचं नाही.

आम्हाला ती एवढंच म्हणाली, “नवा डाव आहे. कंपनीसाठी. मन लावून खेळा.”

आम्ही कधी मन न लावता खेळलो होतो?

तो डाव काही रविवार चालला. मार्लिसने तो इतका सुंदर चालवला की मी आजही त्याबद्दल बोलताना अडखळते. मौन आधी दूरच्या दीपगृहावर आलं. मग ओरडून मासे विकणाऱ्या बायकांचे आवाज बाजारातल्या बाजारात विरले. पाओचा कप्तान घंटाघरावर चढला, घंटा हलत होती आणि नाद नव्हता. पाओ रुग्णालयात परिचारक आहे, माणसं जाताना रोज बघतो. तोही खुर्चीच्या कडेवर येऊन बसला होता.

शेवटच्या रविवारी पाणी धक्क्यावर चढलं. आम्ही सगळे उपाय करून दमलो होतो. माझं पात्र म्हणजे एक चोरटी बाई, ती होड्या पळवून आणत होती. गॉर्डीच्या कानात वायर नव्हती.

“मार्लिस,” तो म्हणाला, “हाकारी स्वतःचं नाव देऊ शकते ना?”

मार्लिसने वर बघितलं. “कसलं?”

“पहिल्या पुस्तकात आहे. तूच लिहिलंयस. दुसऱ्यात होतं, तिसऱ्यातही आहे. बारीक अक्षरात.”

तिने पुस्तक उघडलं. तिथे होतंच. हाकारी आपलं नाव दुसऱ्या कशालाही देऊ शकते. मग ती स्वतः उरत नाही. पण ज्याला नाव दिलं ते, त्या नावाने हाक मारणारं एक जरी माणूस जगात असेल तोवर, बुडत नाही, जळत नाही, मरत नाही. विमा कंपनीत असताना लिहिलेला नियम. इतक्या वर्षांत कुणी वापरला नव्हता, कारण पात्र कायमचं जातं.

“टॅन्सी नाव देते,” गॉर्डी म्हणाला. “शहराला.”

“मौनात हाक कुणाला ऐकू जात नाही,” पाओ हळूच म्हणाला.

“हाक मारायची नाहीये पोरा. द्यायचंय. द्यायला आवाज कशाला लागतो?”

मार्लिसने ते पान पुन्हा वाचलं. मला वाटलं, ती फासा टाकायला सांगेल. तिने पुस्तक मिटलं.

“फासा नाही यात,” ती म्हणाली. “म्हातारी वल्हं खाली ठेवते. पाणी पायरीवर थांबतं.”

मग ती रडायला लागली, मग मी, मग पाओ. गॉर्डी तेवढा हसत होता, दाढीतून पाणी गळत होतं तरी. टॅन्सीचा कागद त्याने घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, “च्यायला, आता मी काय खेळू?”

आमच्या सगळ्या वर्षांतली ती सर्वांत चांगली दुपार. मार्लिस का रडत होती, ते आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने कर्टिसला सगळं सांगितलं. तिला, वेडीला, वाटलं की ऐकून तो विरघळेल.

तो खरंच भारावला. “अप्रतिम,” म्हणाला. “मग नियमातलं ते भोक बुजवा.”

“कर्टिस, त्यांनी नियमाने वाचवलंय ते.”

“वेलब्रिन होतं तिथे नव्या नकाशात समुद्र आहे. नकाशा छापखान्यात गेलाय. शंभर वर्षांनंतरचं सगळं लिहून झालंय. एका टेबलासाठी मी काय करू, तुम्हीच सांगा.”

“दुसरा शेवट म्हणून एक चौकट द्या. ज्यांना हवं ते घेतील.”

“मग निम्मे लोक म्हणतील आमचं शहर आहे, निम्मे म्हणतील नाही. पुढची पुस्तकं कुणासाठी काढायची?”

तिने भांडून पाहिलं. मग टेबलाशी बसून एक वाक्य लिहिलं. तिने लिहिलं नसतं तर कर्टिसने लिहिलं असतं, आणि वाईट लिहिलं असतं.

पुस्तक शरद ऋतूत निघालं. चाचणी घेणाऱ्यांना कंपनीकडून एकेक प्रत फुकट आली. सुरुवातीला आभारात आमची नावं छापली होती. मी हौसेने नवऱ्याला दाखवली. पुढचं काही वाचलं नव्हतं.

गॉर्डीने वाचलं. मिलमधलं त्याचं यंत्र त्या उन्हाळ्यातच बंद झालं होतं आणि लवकरच्या निवृत्तीवर त्याला घरी पाठवलं होतं. त्याला वाचायला वेळच वेळ होता.

रविवारी तो आला, कोट न काढता उभा राहिला आणि पुस्तक उघडून मोठ्याने वाचलं: “‘या दिवशी दिलेलं नाव कशालाच लागत नाही.’ हे वाक्य आपण खेळलो तेव्हा नव्हतं.”

“नव्हतं,” मार्लिस म्हणाली.

“कुणी लिहिलं?”

“मी.”

पाओने चिप्सचा वाडगा खाली ठेवला. तिने मग सगळं सांगितलं. चौथी आवृत्ती, हाकारी गेले, सही, नकाशा. कुठलीही सबब न देता सांगितलं.

“शहर बुडालं त्याचं मला काही नाही गं,” गॉर्डी म्हणाला. “मिली बंद होतात, शहरं बुडतात. ते मला कुणी शिकवायला नको. पण त्या दिवशी तू आमच्याबरोबर बसून रडलीस. तुला तेव्हा माहीत होतं.”

“म्हणूनच रडले.”

“आम्ही ज्यासाठी रडलो त्यासाठी नाही?”



“अरे पण आपल्या टेबलावर ते वाचलंय ना!” पाओ उसळून म्हणाला. “पुस्तक गेलं खड्ड्यात. कंपनी काय घरी पोलीस पाठवणारे? आपण जुनेच नियम खेळू. शहर उभं आहे, टॅन्सीच्या नावाने. बस.”

गॉर्डी खाली बसला. मला क्षणभर वाटलं, मिटलं.

“चालेल,” तो म्हणाला. “चल मार्लिस. शहर वाचलं त्याची दुसरी सकाळ. मासळीबाजारात काय चाललंय?”

असा प्रश्न तिला झोपेतून उठवून विचारला असता तरी तिने कोळिणींची नावं, त्यांच्या सुनांची भांडणं, सुरमईचा भाव सांगितला असता. तिने तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. हात टेबलावर सपाट ठेवले.

“मला दिसत नाही,” ती म्हणाली. “गॉर्डी, शपथ, मी बघतेय. तिथं पाणी आहे.”

गॉर्डीने तिच्याकडे बघितलं. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं.

तरी आम्ही सोडलं नाही. मार्लिसनेच मग सुचवलं की नवी आवृत्ती घेऊ, नवं जग, शंभर वर्षांनंतरचं; तिथे निदान तिला काय आहे ते माहीत आहे. जुनी पात्रं नव्यात कशी आणायची त्याची पातळशी पुस्तिका कंपनीने काढली होती. पाओचा कप्तान नव्या नियमांत सहज बसला, पणतू म्हणून. माझ्या चोरटीला तर नव्या नियमांत जास्तच हुशारी मिळाली. हाकाऱ्यांपुढे एकच ओळ होती: समकक्ष नाही, नवे पात्र बनवावे.

“बनवतो,” गॉर्डी म्हणाला आणि एक तलवारबाज बनवला.

“नाव काय याचं?” मी विचारलं.

“असू दे की तसाच. नावाचं काय एवढं?”

नवे नियम खरं सांगायचं तर वाईट नव्हते. लढाया झटपट संपायच्या, पुस्तक उघडावं लागायचं नाही. गॉर्डी आपली पाळी आली की फासा टाकायचा, आकडा सांगायचा. कानातली वायर परत आली होती. मार्लिस त्याला ती काढायला सांगत नव्हती. काही रविवार असे गेले आणि नाताळाच्या सुट्टीनंतर तो आला नाही. मी फोन केला तर म्हणाला, “गुडघा दुखतोय, अर्लीन. पुढच्या वेळी बघू.” मार्लिसने फोन केला तेव्हा त्याने उचलला नाही.

चौथी आवृत्ती सुरुवातीला तडाखेबंद खपली आणि मग बसली. जुने लोक चिडून गेले होते, नवे आले तसे दुसरीकडे गेले. कंपनीने माणसं कमी केली. ज्यांना काढलं त्यांत मार्लिस होती, कर्टिसही. तिने बियाणांच्या एका दुकानात काम धरलं, टोमॅटोच्या वाणांची वर्णनं लिहायचं. “यात कुणी मरत नाही,” ती मला म्हणाली, पण हसली नाही.

रविवार मोकळे झाले. पहिल्यांदा मला विचित्र वाटायचं, मग सवय झाली. सवय झाली याचंच पुढे वाईट वाटायला लागलं.

गॉर्डी पुढच्या वर्षी फेब्रुवारीत गेला. घरासमोरचा बर्फ उपसता उपसता कोसळला. शेजाऱ्याने बघितलं तोवर उशीर झाला होता. तो यायचा थांबल्यापासून मार्लिस आणि तो एकमेकांशी बोलले नव्हते. तिने त्याला दोन वेळा कार्ड पाठवलं होतं, एवढं मला माहीत आहे. त्याने काय केलं त्याचं, ते माहीत नाही.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात हॅम सँडविच आणि कॉफी होती. गॉर्डीची मुलगी फीनिक्सहून आली होती, थकलेली, सगळ्यांशी दोन शब्द बोलत होती. आमच्यापाशी आली.

“तुम्ही बाबांच्या त्या पत्त्यांच्या खेळातले ना? रविवारच्या?”

पाओ काही बोलायला गेला. मार्लिस म्हणाली, “हो.”

“त्यांना फार आवडायचं. मी इतक्या लांब, मला बरं वाटायचं की त्यांना काहीतरी आहे.”

“आम्हालाही आवडायचं,” मार्लिस म्हणाली आणि कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. लोक तिच्या बाजूने जात होते, येत होते.

दोन हिवाळ्यांनी पाचवी आवृत्ती निघाली. खेळ आता दुसऱ्याच कुणीतरी विकत घेतला होता आणि या नव्या लोकांनी चाहत्यांचं ऐकायचं ठरवलं होतं. हाकारी परत आले, सोप्या नियमांसह. वेलब्रिनही परत आलं. समुद्र हटला, मौन विरलं, शहर होतं तसं वर आलं, असं एका परिच्छेदात लिहून टाकलं होतं. मधली शंभर वर्षं जणू कुणाला तरी पडलेलं वाईट स्वप्न. जुने चाहते हरखून गेले. त्या आवृत्तीच्या संपादक मुलीने मार्लिसला फोन केला, चार शब्द लिहाल का म्हणून. मार्लिसने नम्रपणे नाही म्हटलं.

“निदान सांगायचं तरी,” ती मला म्हणाली, “कशाने हटला समुद्र?”

“विचारलंस?”

“विचारलं. म्हणाली, ते आम्ही मोकळं ठेवलंय.”

पाओने रुग्णालयातल्या तरुण मंडळींना घेऊन नवं टेबल सुरू केलं होतं. मलाही बोलावलं, आणि मी गेले. त्याने मार्लिसला फार आग्रह केला तेव्हा एका रविवारी तीही आली, खेळाडू म्हणून. पोरांनी तिला गराडा घातला. तुम्हीच का त्या? खरंच हे सगळं तुमचं? एका मुलीने पुस्तकावर सही मागितली, मार्लिसने केली. नव्या नियमांनी पटकन एक पात्र बनवलं, आपली पाळी आली की नीट बोलली, दुसऱ्याच्या विनोदाला हसली. निघताना ती मुलगी म्हणाली, “एक विचारू? खरं वेलब्रिन कसं होतं?”

“पुस्तकात आहे तसंच,” मार्लिस म्हणाली.

मी तिला गाडीने घरी सोडलं. रस्ताभर ती मुलांचं कौतुक करत होती. दारात गाडी थांबवली तरी उतरेना.

“मी आज काही ऐकलंच नाही, अर्लीन,” ती म्हणाली. “सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते. आपली पाळी कधी येते, कधी संपते, एवढंच.”

“पहिल्यांदा असं होतंच. पुढच्या रविवारी मी घ्यायला येते.”

“नको येऊस.”

“मार्लिस…”

“चांगली मुलं आहेत. त्यांना त्यांचं खेळू दे.”

ती उतरली, जिन्याचा कठडा धरून वर गेली, आतला दिवा लागला. त्यानंतर ती आली नाही. अधूनमधून फोन करते. पाठदुखी, तिच्या भाचीचं लग्न, या वर्षी कुठल्या टोमॅटोला कीड लागत नाही, असं सगळं बोलते. खेळाचं विचारत नाही. मीही सांगत नाही.